भंगाराला धनी आहेत, कचऱ्याला कोण?

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातून रोज दोन प्रकारचा टाकाऊ माल बाहेर पडतो. एक कारखान्याच्या दरवाजातून, वजनकाट्यावर मोजून, पावती फाडून जातो. पत्र्याची कात्रणे, यंत्रावर कापलेल्या लोखंडाचा कीस, पुठ्ठ्याची खोकी, लाकडी पॅलेट, प्लास्टिकची वेष्टने असा हा माल असतो. त्याला भंगार म्हणतात. दुसरा त्याच कारखान्यांत राबणाऱ्या माणसांच्या खोल्यांतून, चहा-वडापावच्या गाड्यांवरून, भाजीबाजारातून आणि खाणावळींतून निघतो, आणि रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या पात्रात किंवा कोणाच्या तरी पडीक रानात जाऊन पडतो. त्याला कचरा म्हणतात. पहिला मिळावा म्हणून या भागात अहमहमिका चालते. भंगाराचा ठेका हाती यावा यासाठी वशिला, दमदाटी आणि प्रसंगी त्याहून भयंकर प्रकारही होतात. उद्योजकांना अभय देण्याची आश्वासने पोलीस अधिकाऱ्यांना आणि मंत्र्यांना वारंवार द्यावी लागतात. दुसरा उचलण्यासाठी मात्र आजवर कोणी कोणाच्या अंगावर धावून गेल्याचे ऐकिवात नाही.

सार्वजनिक सेवांत खासगी क्षेत्राला किती वाव द्यावा, हा वाद आपल्याकडे बहुधा तत्त्वाच्या पातळीवर खेळला जातो. एक पक्ष म्हणतो की, सरकारी यंत्रणा आळशी व भ्रष्ट आहे, तेव्हा सारे काही कंपन्यांच्या हवाली करावे. दुसरा म्हणतो की, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेकडून लोकसेवेची अपेक्षा करणेच मुळात चुकीचे. चाकणमधील हे दोन ढीग पाहिले म्हणजे हा वाद किती वरवरचा आहे ते ध्यानात येते. ज्या टाकाऊ वस्तूला बाजारात भाव आहे ती उचलायला खासगी क्षेत्र कोणी न बोलावता धावते. ज्या वस्तूला भाव नाही ती उचलण्यासाठी कोणीतरी पैसे मोजावे लागतात, आणि ते कोणी मोजायचे हे ठरलेले नसले, तर सरकारी यंत्रणाही ती उचलीत नाही आणि खासगी कंपनीही उचलीत नाही. खरा प्रश्न पैसे कोण देणार, काम झाले की नाही हे कोण पाहणार आणि न झाल्यास जाब कोण विचारणार, असा तिपेडी आहे.

जकातीचे शहर आणि जकातीबाहेरचे गाव

चाकण हे काही काल वसलेले गाव नव्हे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या फौजेविरुद्ध पावणेदोन महिन्यांहून अधिक काळ झुंजविलेला संग्रामदुर्ग येथलाच. कांद्याची मोठी बाजारपेठ म्हणून चाकणचे नाव महाराष्ट्रभर झाले ते कारखान्यांच्या कितीतरी आधी. पुणे-नाशिक रस्त्यावरील या बाजारगावाच्या भोवती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भूसंपादन केले आणि पंचवीस-तीस वर्षांत महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, सावरदरी, वराळे, भांबोली, वासुली, शिंदे या गावांच्या शिवारांचे रूप पालटून गेले. बजाज ऑटोचा कारखाना १९९९ साली आला. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, पाठोपाठ महिंद्र. आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग पुरविणारे शेकडो लहानमोठे कारखाने आले.

या कथेला एक पूर्वपीठिका आहे, आणि तिच्याशिवाय चाकणच्या कचऱ्याचा उलगडा होत नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही खेडी कारखान्यांनी भरून गेली. १९७० साली तेथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. कारखान्यांत येणाऱ्या प्रत्येक मालमोटारीवर जकात होती, आणि टेल्को, बजाज यांच्यासारख्या कारखान्यांच्या जकातीवर ही महापालिका इतकी संपन्न झाली की, आशिया खंडातील सर्वांत श्रीमंत महापालिका असे बिरुद तिला लोक गमतीने व अभिमानाने लावू लागले. रुंद रस्ते, उड्डाणपूल, उद्याने, जलशुद्धीकरण केंद्रे यांचा पैसा त्या जकात नाक्यांवरून आला. २०१३ साली जकात गेली. तोवर शहर उभे राहिले होते.

चाकण त्या नाक्यांच्या बाहेर होते. ग्रामपंचायतीला जकात नसते, आणि चाकणकडे उद्योग वळण्याच्या कारणांत मुबलक व स्वस्त जमिनीबरोबर हेही एक कारण होते. म्हणजे ज्या उद्योगाने पिंपरीला शहर बनविले त्याच उद्योगाने चाकणला गर्दी दिली, परंतु शहर चालविण्याचे उत्पन्न दिले नाही. चाकणची ग्रामपंचायत २०१५ सालापर्यंत ग्रामपंचायतच होती. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या एक्केचाळीस हजारांच्या घरात गेली होती, तरीही. भोवतालच्या गावांचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखालीच राहिला. त्या कायद्याच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे असलेल्या गावात शेणखताचा उकिरडा होता, आणि उकिरडा ही शेतकऱ्याची संपत्ती होती. हजारो परप्रांतीय कामगार दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात आणि रोज प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून कचरा बाहेर टाकतात, असे गाव त्यांच्या कल्पनेत असणे शक्यच नव्हते.

पाच दारे, एकही उघडे नाही

आज या पट्ट्यात एखाद्या नागरिकाने कचऱ्याची तक्रार करावयाची म्हटले तर किती दारे ठोठवावी लागतात ते पाहण्यासारखे आहे. औद्योगिक क्षेत्राच्या आतील रस्ते, पाणी, गटारे ही महामंडळाची. कारखानदारांकडून त्यासाठी शुल्क घेतले जाते. रस्त्याच्या पलीकडची चाळ ग्रामपंचायतीची. नगरपरिषदेची हद्द संपली की, पुढला ढीग तिचा नव्हे. नियोजनाचा अधिकार २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा; परंतु प्राधिकरण झाडू हाती धरीत नाही. पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेचा कचरा कोणाचा, हा तर निराळाच खल. कचऱ्याला मात्र हद्द समजत नाही. पावसाळ्यात तो ओढ्यांतून इंद्रायणीत व भामेत उतरतो. आणि आळंदीच्या घाटावर वारकऱ्यांना जे इंद्रायणीचे पाणी दिसते, त्यावर तरंगणारा पांढरा फेस गेली काही वर्षे वृत्तपत्रांतील छायाचित्रांचा नित्याचा विषय झाला आहे. त्या फेसाला सांडपाणी आणि रासायनिक पाणी प्रामुख्याने कारण, हे खरे. पण हद्दींच्या फटीतून निसटणारी जबाबदारी ही दोहोंची समान जननी आहे.

कायदा अगदीच मुका होता असे नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत असे म्हटले होते की, औद्योगिक वसाहत उभारणाऱ्याने एकूण क्षेत्राच्या किमान पाच टक्के जागा, अथवा किमान पाच भूखंड वा शेड, टाकाऊ मालाच्या पुनर्प्राप्तीसाठी व पुनर्वापरासाठी राखून ठेवावेत. ही तरतूद मनापासून अमलात आली असती तर भंगार आणि कचरा यांचा संसार एका छपराखाली नांदला असता: लोखंड, पुठ्ठा, प्लास्टिक यांतून मिळणाऱ्या पैशाने ओल्या कचऱ्याच्या खताचा तोटा काही अंशी भरून काढता आला असता. प्रत्यक्षात लोणी एकाकडे गेले आणि ताक सांडले गावात.

धोकादायक टाकाऊ मालाची गोष्ट या ठिकाणी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मोटारींच्या रंगकामातून निघणारा गाळ, तेलकट चिंध्या, धातुप्रक्रियेतील रासायनिक साका या वस्तूंची विल्हेवाट कारखानदाराला स्वतः लावता येत नाही. त्या रांजणगाव येथील सामायिक प्रकल्पाकडे पाठवाव्या लागतात, आणि हा प्रकल्प खासगी कंपनी चालविते. टनामागे दर ठरलेला असतो, मालाबरोबर कागद फिरतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती त्या कागदाला बांधलेली असते. या व्यवस्थेतही चोरटे मार्ग काढणारे आहेत. तथापि पैसे देणारा कोण, घेणारा कोण आणि तपासणारा कोण, ही तीन नावे तेथे स्पष्ट आहेत. खासगी क्षेत्राचा उपयोग होतो तो अशा ठिकाणी. घरगुती कचऱ्याच्या बाबतीत चाकणला या तिन्ही जागा रिकाम्या आहेत.

कारखान्यांच्या सामाजिक दायित्व निधीने ही पोकळी भरून निघेल असे काहींना वाटते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याच्या सरासरीच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि स्वच्छता हे त्या कामांपैकी एक आहे. त्यातून गावांना घंटागाड्या मिळतात. गाडीला हार घातला जातो, सरपंच आणि अधिकारी यांचे छायाचित्र निघते. परंतु गाडी ही एकदाच द्यावयाची वस्तू आहे. चालकाचा पगार, डिझेल आणि टायर ही दरमहा द्यावयाची. भेटीच्या पैशातून सेवा सुरू करता येते, ती वर्षानुवर्षे चालविता येत नाही.

मोशीची धग

शेजारच्या पिंपरी-चिंचवडने खासगीकरणाच्या वाटेवर बरीच मजल मारली आहे, आणि चाकणने डोळे उघडे ठेवून पाहावे असे तेथे पुष्कळ आहे. घरोघर कचरा गोळा करण्याचे काम तेथे ठेकेदार कंपन्यांकडे आहे. मोशी येथील कचरा डेपोवर खासगी भागीदारीतून कचऱ्यापासून वीज निर्माण करणारा चौदा मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ३०० कोटी रुपये खर्चाचा हा प्रकल्प वर्षाला अडीच लाख टन कचरा वापरील असे त्या वेळी सांगण्यात आले. म्हणजे दिवसाकाठी सातशे टनांच्या आसपास. मोशीच्या डोंगराने भोवतालच्या वस्त्यांना दिलेला दुर्गंधीचा जाच आणि २०२२ च्या उन्हाळ्यात त्या ढिगाला लागलेली आग आठवली, तर एवढ्या कचऱ्याला वाट मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. महापालिकेला हे यंत्र स्वतःच्या बळावर उभारणे आणि चालविणे अवघड होते, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. नवी डेपोची जागा मिळणे तर दुरापास्तच. पुनावळे येथे डेपोसाठी राखून ठेवलेल्या जागेभोवती दरम्यानच्या काळात गृहसंकुले उभी राहिली, रहिवासी रस्त्यावर उतरले, आणि २०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तो डेपो रद्द झाल्याची घोषणा मंत्र्यांना करावी लागली.

परंतु कचरा जाळून वीज करण्याच्या कल्पनेचा आपल्या देशातील इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञांनी असाच प्रकल्प उभारला होता. रोज तीनशे टन कचरा जाळून पावणेचार मेगावॉट वीज मिळावयाची होती. अवघे एकवीस दिवस चालून तो बंद पडला. यंत्रात दोष नव्हता. दोष असलाच तर तो दिल्लीकरांच्या ताटात होता. ज्या उष्मांकाचा कचरा यंत्राने गृहीत धरला होता, त्याच्या निम्म्याच्या आसपास उष्मांकाचा कचरा प्रत्यक्षात आला. युरोपातील कचऱ्याच्या पेटीत कागद, पुठ्ठा, प्लास्टिक भरलेले असते. आपल्याकडे भाजीची देठे, आंब्याच्या कोयी, उष्टे अन्न, नारळाच्या करवंट्या आणि झाडलोटीची माती. ओले लाकूड चुलीत पेटत नाही हे जाणण्यासाठी परदेशी सल्लागार लागत नाही, तरी त्या वेळी ते कोणाच्या ध्यानी आले नाही.

तिमारपूरनंतर परिस्थिती पालटली आहे. कचऱ्यात प्लास्टिक वाढले, यंत्रेही सुधारली. तरी मूळ पेच कायम आहे. जाळण्याचा प्रकल्प चालावयाचा तर त्याला रोज ठराविक प्रमाणात, कोरडा, ज्वलनशील माल हवा. हा कोरडा माल म्हणजे नेमका तो, ज्यावर कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांचे पोट चालते, आणि ज्याचा पुनर्वापर होणे समाजाच्या दृष्टीने अधिक हिताचे. जळून गेल्यावर सर्वसाधारणपणे पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते, आणि तिला पुन्हा जागा लागते. शिवाय कचरा कमी करा, घरीच खत करा, असा उपदेश नागरिकांना करणाऱ्या महापालिकेनेच भट्टीला इतका कचरा पुरवू असा करार दोन दशकांसाठी केला, तर तिने उपदेश पाळावा की करार, असा धर्मसंकटाचा प्रसंग पुढेमागे येतोच.

ठेक्यांच्या मजकुरात एक साधे कलम असते, आणि सेवेचे सारे भवितव्य त्या एका कलमात दडलेले असते. ठेकेदाराला पैसे कशाचे द्यावयाचे? वाहतुकीच्या वजनावर द्यावयाचे असतील, तर कचरा जितका जड तितके बिल मोठे. ओला आणि सुका वेगळा करण्यात त्याचा काडीचाही फायदा नसतो. उलट माती, राडारोडा आणि पावसाचे पाणी मिसळलेला कचरा त्याला सोन्याच्या मोलाचा. घरांच्या संख्येवर पैसे द्यावयाचे असतील, तर घर चुकविण्याकडे कल होतो, पण ते चुकले की गृहिणी ताबडतोब ओरड करते, आणि ती फुकटची तपासनीस ठरते. गाड्यांच्या संख्येवर दिले तर गाड्या फिरतात, कचरा उचलला जातोच असे नाही. माणसे दुष्ट असतात म्हणून हे घडते असे मुळीच नाही. मोजमाप जसे, तसे वर्तन होते. शाळातपासनीस पटावरची नावे मोजतो म्हणून पट फुगतो, हे शिक्षकवर्गाला सांगावयास नको.

ज्यांच्या हातून काम होते ते

खासगीकरणाने काटकसर होते असे म्हणतात. ती होते कोठे, याचा शोध घेतला तर बहुतेक वेळा ती सफाई कामगाराच्या पगारात झालेली आढळते. यंत्रे आणि गाड्या सर्वांना सारख्याच किमतीला मिळतात, डिझेलही. ठेकेदार स्वस्त पडतो तो कायम कामगाराला मिळणारा पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन त्याच्या माणसाला मिळत नाही म्हणून. मुंबई महापालिकेत ठेकेदारांमार्फत कचरा उचलणाऱ्या सुमारे २७०० कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उचलून धरला. पण त्यासाठी कामगारांना कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या झेंड्याखाली दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. त्या काळात कित्येकांची उमेदच नव्हे, आयुष्येही सरली. कारकुनाच्या नोकरीतील एक वेतनवाढ अडली तरी घर हवालदिल होते, असे जाणणाऱ्या वाचकाने या दहा वर्षांची कल्पना करून पाहावी.

कचऱ्याच्या क्षेत्रात 'खासगी' म्हणजे केवळ कंपनी असेही नाही. कंपन्या येण्यापूर्वी अनेक दशके पाठीवर पोते घेऊन फिरणाऱ्या बायका हे काम महापालिकेला एक छदामही खर्च पडू न देता करीत होत्या. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे दोनतीन वर्षांतच पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी या कष्टकऱ्यांना ओळखपत्रे मान्य केली. देशात अशी मान्यता देण्यात ही शहरे अग्रेसर होती. त्या चळवळीतूनच पुण्यात 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या सभासद घरोघर जाऊन कचरा घेतात, सुका माल विकून आणि घरटी शुल्क घेऊन आपली मिळकत करतात. या पद्धतीतही त्रुटी आहेत, झोपडपट्ट्यांत शुल्काची वसुली कठीण जाते, आणि नगरसेवकांच्या मर्जीवर तिचे भवितव्य अनेकदा हेलकावे खाते. तरी पैसे देणारा आणि सेवा घेणारा तेथे समोरासमोर उभे असतात, हा तिचा मोठा गुण.

उलट टोक पाहावयाचे तर चिखलीजवळचे कुदळवाडी पाहावे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांतील भंगाराची ही जणू पेठच होती: पत्र्याच्या शेड, वारंवार लागणाऱ्या आगी, काळा धूर. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने काही दिवसांत तेथील चार हजारांवर बांधकामे जमीनदोस्त केली. बेकायदा बांधकामांवर कारवाई झाली म्हणून हळहळण्याचे कारण नाही. परंतु त्या शेडमध्ये जो माल निवडला जात होता, तो कारखान्यांतून दुसऱ्या दिवशीही बाहेर पडतच होता. नियमात सांगितलेले पाच भूखंड त्या मालासाठी आधी तयार असते, तर बुलडोझरला अर्थ आला असता.

महाराष्ट्राने याच स्वरूपाचे प्रयोग अन्य सेवांत केले आणि त्यांची किंमतही मोजली आहे. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, २०१४ साली पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला आणि दोन वर्षांत महापालिकेला तो करार मोडावा लागला. कोल्हापुरात शहरांतर्गत रस्त्यांचे काम खासगीकरणातून झाले. २०१३ च्या ऑक्टोबरात टोलची वसुली सुरू होताच प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या वयोवृद्ध नेत्यांच्या मागे सारे शहर रस्त्यावर आले, आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द करून कंपनीची भरपाई शासनाला करावी लागली. चाकणकरांना टोल अपरिचित नाही. मोशी आणि चांडोलीच्या नाक्यांवर त्यांनी वर्षानुवर्षे पैसे भरले. तरी तळेगाव चौकातील कोंडी जागची हलली नाही. कोल्हापूरच्या लोकांचा राग पैसे देण्याविरुद्ध जितका होता तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, करार आपल्या पाठीमागे झाला याविरुद्ध होता.

पाठीमागे होणे हा केवळ कोल्हापूरचा प्रकार नव्हे. पिंपरी-चिंचवड महापालिकेत मार्च २०२२ पासून निवडून आलेले सभागृहच नव्हते. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने कारभार हाकला. याच काळात कचऱ्याचे सेवाशुल्क मालमत्ता कराच्या बिलात आले, त्यावर गदारोळ झाला आणि शासनाला त्यास स्थगिती द्यावी लागली. शुल्क असावे की नसावे यावर दुमत होऊ शकते. वस्तुतः ज्याने कचरा केला त्याने काही भार उचलावा हे तत्त्व वाजवी आहे. पण ज्या सभागृहात त्याची चर्चा व्हावयाची तेच कुलूपबंद असताना बिल दारात येऊन पडले, तर नागरिक ते दंडासारखे मानतो. चाकण नगरपरिषदेतही काही वर्षे प्रशासकच होते.

कारखान्याने वसविलेली गावे

या सर्व खटाटोपापेक्षा कारखान्यांनीच गाव का चालवू नये, असाही एक विचार पुढे येतो, आणि मराठी माणसाला त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. १९१० साली औंध संस्थानच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली. कारखान्याबरोबर घरे, शाळा, पाणी आणि स्वच्छता यांची काळजी वाहिली. वालचंदनगर त्याच परंपरेतले. जमशेटपूर तर देशभर दाखला म्हणून दिले जाते: टाटांच्या पोलाद कारखान्याचा नगरविभाग तेथे पाणी, वीज, कचरा पाहत आला, आणि २००४ पासून त्यासाठी स्वतंत्र कंपनीच झाली. तेथील नळाच्या पाण्याची आणि रस्त्यांची कीर्ती खोटी नाही. परंतु त्या शहरातील नागरिकांना महानगरपालिका निवडण्याचा हक्क असावा की नाही हा वाद न्यायालयांत दशकानुदशके चालला, हे सांगावयास दाखला देणारे विसरतात.

चाकणला हा मार्ग बंद आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे. किर्लोस्करवाडीत कामगार मालकाच्या घरात राहत होता. तो आजारी पडला, त्याच्या दारात घाण साचली, तर कारखान्याचे चाक अडत होते. चाकणचा कामगार बहुधा कंत्राटी आहे. तो आज एका कारखान्यात तर सहा महिन्यांनी दुसऱ्यात, राहतो भाड्याच्या खोलीत, आणि त्याचा मालक कोण हे त्याच्या ओळखपत्रावर पाहूनच सांगावे लागते. त्याच्या खोलीबाहेरचा कचरा ही कोणत्या कारखान्याची चिंता असेल? खोली ज्याची आहे तो घरमालक मूळचा शेतकरी. जमीन संपादनात गेली, उरलेल्या गुंठ्यांवर त्याने चाळ बांधली. भाडे त्याला मिळते. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत मात्र त्या चाळीतील खोल्यांची आणि माणसांची खरी संख्या किती उमटते, हे तलाठी आणि ग्रामसेवक यांनाच ठाऊक. तेव्हा कंपन्यांकडे बोट दाखविताना गावानेही स्वतःच्या भाड्याच्या पावत्यांकडे एकदा पाहिले पाहिजे. उकिरडा गावाबाहेरच्या लोकांनी केला ही तक्रार करणाराच अनेकदा त्या लोकांकडून महिन्याचे भाडे घेत असतो.

२०२५ साली चाकण, हिंजवडी आणि मांजरी-फुरसुंगीचा परिसर यांसाठी स्वतंत्र महानगरपालिका हव्यात, असे राज्यकर्त्यांकडून बोलले गेले. रस्त्यांवरील कोंडीने उद्योग कंटाळले, काहींनी बाहेर जाण्याची भाषा केली, तेव्हा हा विचार वेगाने पुढे आला. महापालिका झाल्याने पाच दारांचे एक दार होईल, हा मोठा लाभ आहे. गावांची भीतीही अनाठायी नाही: कर वाढेल, आरक्षणे पडतील, आणि डेपो कोणाच्या शिवारात यावयाचा हा प्रश्न पुन्हा उभा राहील. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी पुण्याच्या कचऱ्याखाली किती वर्षे काढली, हे जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

महापालिका होईल तेव्हा होवो. तोवर चाकणच्या पट्ट्यात कचरा रोज पडणारच आहे. औद्योगिक क्षेत्रातील आणि त्याला लागून असलेल्या गावांनी मिळून एकच सामायिक ठेका देणे, त्यात महामंडळाने कारखान्यांच्या शुल्कातून ठरलेला वाटा घालणे, चाळमालकाकडून खोलीगणिक शुल्क घेणे, आणि ओला कचरा गावातच जिरविणे, या गोष्टींना नव्या कायद्याची गरज नाही. कांद्याच्या बाजारातील पाल्यापाचोळ्याचे खत करणे तर शेतकऱ्याला शिकवावयास नको. ठेका कोणत्या कंपनीला द्यावयाचा हा त्यानंतरचा, आणि तुलनेने सोपा प्रश्न.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि चाकणला पुन्हा लोकनियुक्त सभागृह मिळाले. कचरा संकलनाचा पुढचा ठेका केव्हातरी या सभेपुढे मंजुरीसाठी येईल. तेव्हा सदस्यांनी आणि प्रेक्षकांच्या बाकांवर बसणाऱ्या मास्तरांनी त्यातील निदान तीन कलमे वाचून पाहावीत: पैसे टनावर आहेत की घरांवर; झाडणाऱ्या माणसाचा पगार त्याच्या बँक खात्यात जमा झाल्याचा पुरावा बिलासोबत जोडावयाचा आहे की नाही; आणि सुका माल कोणाच्या मालकीचा राहणार आहे. तिसऱ्या कलमावर सभागृहात सर्वांत मोठा आवाज होईल. भंगाराला धनी पुष्कळ आहेत.